कॅथेड्रलसमोरचा बाक

आमच्या घरमालकीणबाईंना देव मान्य नव्हता आणि देवळं मात्र फार आवडायची. देऊळ, गुरुद्वारा, सिनेगॉग, चर्च, काहीही चालायचं. आत शिरायच्या, शेवटच्या रांगेत बसायच्या आणि मान वर करून छताकडे बघत राहायच्या. एकदा एडिसन गावातल्या एका देवळात पुजाऱ्यांनी विचारलं, "दर्शन छान झालं ना?" तर म्हणाल्या, "झालं. त्या कोपऱ्यात पाणी मुरतंय, बघून घ्या."

पुजारी वर बघत राहिले. आम्ही बाहेर आलो.

त्यांचा जन्म पूल तपासण्यात गेला होता. नागपूरला सिव्हिल इंजिनीअरिंग केलेलं, वर्गात एकटी मुलगी. लग्न करून इकडे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी खात्यात पुलांची तपासणी करत राहिल्या. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, हातात हातोडी. काँक्रीट ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूने खूण करायची. निवृत्तीनंतर हातोडी गेली, बोटं राहिली. हॉटेलात टेबल मिळेपर्यंत भिंत ठोकायच्या, लग्नाच्या हॉलमध्ये खांब ठोकायच्या. पुलाखालून गाडी जाताना बोलणं मध्येच थांबवायच्या आणि पूल मागे पडला की वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे न्यायच्या.

मला वेस्ट विंडसरला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी मी सांगलीच्या वळणाप्रमाणे त्यांना 'काकू' म्हटलं.

"तुझ्या काकाला मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "बाई म्हण. शाळेत शिक्षिकेला म्हणायचो ना, तसं. त्यात कोणाची बायको असावं लागत नाही."

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. 'जाऊन' हा शब्दही त्यांना चालायचा नाही. "गेला म्हणजे? कुठे गेला? मेला म्हणावं. तोंडाला काय होतं?" इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांचं हार्ट अटॅकने निधन झालं तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. तिथे कोणीतरी त्यांच्या बायकोला म्हणालं, "देवाची इच्छा, वहिनी." खोलीत सगळे माना हलवत होते. बाई त्या वहिनींजवळ जाऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मग त्याच्यावर केस कर." त्या वहिनी आठवडाभरात पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता अशा रडायला लागल्या की दोघी बायकांना त्यांना सावरावं लागलं. बाकीच्यांनी बाईंना पुन्हा कधी घरी बोलावलं नाही. वहिनी मात्र फोन करत राहिल्या.

त्याच मंडळाच्या दिवाळीत एकांनी त्यांना आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही नेमक्या...?"

"बौद्ध," बाई म्हणाल्या. "तुम्ही नेमके?"

गृहस्थ चिवड्याकडे वळले. बाईंनी त्यांच्या ताटलीत स्वतः चमच्याने चिवडा वाढला.

ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. वडिलांची गोष्ट सांगताना मात्र ताठ बसायच्या. वडील गिरणीत होते. दीक्षा घेऊन घरी आले त्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक आणि तसबिरी एका धोतरात बांधल्या, तलावावर नेऊन सोडल्या आणि परत येऊन त्या कोनाड्यात शाळेची पुस्तकं लावली. "मी त्या कोनाड्यातून पुस्तक काढून शिकली," बाई म्हणायच्या. रागात किंवा अभिमानात असल्या की त्यांची भाषा नागपूरला जायची. "देवाची जागा होती ना, तिथून. आमच्या घरी पुन्हा देव आला नाही."

मुलीचा विषय निघाला की एकच वाक्य यायचं. "मुलगी फ्लोरिडाला असते." पुढे काही नाही. सुजाता हे नाव मला शेजाऱ्यांकडून कळलं. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला आणि लग्न चर्चमध्ये लावलं, हेही त्यांनीच सांगितलं. बाई लग्नाला गेल्या नव्हत्या. सुजाताने घरी फोन करायचा आणि बाईंनी तो उचलून "सगळं ठीक" म्हणून ठेवून द्यायचा, एवढं काही वर्षं चाललं होतं. मी राहायला आले तोवर तेही विरळ झालं होतं.

एका नोव्हेंबरात त्या म्हणाल्या, "तुला सुट्टी आहे ना? फ्लोरिडाला जाऊ. सेंट ऑगस्टीन. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव आहे, ह्या देशातलं फार जुनं. किल्ला आहे, कॅथेड्रल आहे. बघण्यासारखं आहे."

"विमानाने?"

"कारने. वाटेत पूल दिसतात."

मला वाटलं, मुलीकडे जायचा धीर होत नाही म्हणून मला सोबत घेतायत. म्हटलं, बरं आहे. दोन दिवस आम्ही दक्षिणेकडे जात राहिलो. मध्ये कॅरोलिनात एका मोटेलमध्ये राहिलो, तिथल्या नाश्त्याच्या वॉफलवर बाईंनी डब्यातली लसणाची चटणी घालून खाल्ली. सुजाताबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही.

गावात शिरलो तेव्हा मी फोनवर नकाशा काढत होते. "बंद कर," त्या म्हणाल्या, "डावीकडे घे. पुढे पार्किंगची बिल्डिंग आहे." बिल्डिंग होती. बाथरूम कुठे, तेही त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आधी आला होतात?" त्या पुढे चालायला लागल्या होत्या.

किल्ला समुद्राला लागून आहे, करडा, बसका. त्याचा दगड जवळून बघितला की अंगावर काटा येतो, कारण तो नुसत्या शिंपल्यांचा आहे. लाखो बारीक शिंपले एकमेकांत दाबून झालेला. बाईंनी बोटं ठोकली, कान लावला. तिथल्या गाइडने सांगितलं की हा दगड मऊ असल्यामुळे तोफेचा गोळा लागला तरी भिंत फुटायची नाही, गोळा आत रुतून बसायचा. लोक 'वाव' म्हणाले. बाईंनी विचारलं, "आणि मग तो काढायचे कसा?" गाइड म्हणाला, काही काढायचे, काही तसेच राहायचे. समोरच्या खाडीचं नाव मतान्झास, हेही त्याने सांगितलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ कत्तली. इथे शरण आलेल्या फ्रेंच माणसांना वाळूत उभं करून मारलं होतं, वेगळ्या पंथाचे होते म्हणून.

"एकाच देवाचे?" बाईंनी विचारलं.

"एकाच देवाचे, मॅम."

मला वाटलं आता त्या एखादं वाक्य टाकतील. त्या खाडीकडे बघत राहिल्या.

त्यानंतर आम्ही गावाची जुनी वेस बघितली, लाकडी शाळा बघितली, दगडी सिंहांचा पूल चालत ओलांडला आणि चालतच परत आलो. मग पुन्हा ओलांडला. कॅथेड्रल चौकातच होतं, घंटांची कमान कुठूनही दिसायची. मी दोनदा म्हटलं, "आता आत जाऊ या का?" एकदा त्या म्हणाल्या, आधी कॉफी पिऊ. एकदा म्हणाल्या, तो बाजाराचा मंडप बघू. त्या मंडपात पूर्वी माणसं विकायचे. बाईंनी त्याच्या खांबाला हातसुद्धा लावला नाही. दुपार होत आली. ओकच्या झाडांवरून शेवाळाच्या करड्या दाढ्या लोंबत होत्या आणि पर्यटकांची घोडागाडी तिसऱ्यांदा आमच्या समोरून गेली.

शेवटी त्या कॅथेड्रलच्या समोर, चौकातल्या एका बाकावर बसल्या. रिकामे बाक बरेच होते, पण त्यांनी नेमका तोच निवडला, त्यावर बसलेलं जोडपं उठेपर्यंत थांबून.

मी शेजारी बसले. म्हटलं, "बाई, सुजाता इथेच असते ना? भेटायचं आहे का तिला?"

"मेली," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. त्यांनीच पुढे सांगितलं, तपासणीचा रिपोर्ट वाचावा तशा आवाजात. रक्ताचा कॅन्सर. मागच्या नोव्हेंबरात. जावयाने फोन केला तेव्हा सगळं आटोपलं होतं, फ्युनरल तेवढं राहिलं होतं. मला आठवलं, त्या नोव्हेंबरात त्या काही दिवस बाहेर गेल्या होत्या. "एका पुलाचं काम निघालंय, सल्ला मागतात," म्हणाल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी दोघींसाठी झुणका केला होता आणि मी ऑफिसच्या पार्टीबद्दल काहीतरी बडबडत जेवले होते. त्यानंतर वर्षभर, कोणी विचारलं की, "मुलगी फ्लोरिडाला असते."

"मी आली होती," त्या म्हणाल्या. "ह्याच बाकावर बसली. ते दार उघडं होतं. आतून गाणं ऐकू येत होतं. म्हटलं, आत्ता उठते. मग पेटी बाहेर आली. माणसांनी खांद्याच्या खाली धरली होती, हातात, आपल्यासारखी खांद्यावर नाही. गाडीत ठेवली. गाडी गेली. मी इथेच होती."

"आत का नाही गेलात?"

"आत गेली असती तर तो देव खरा झाला असता," त्या म्हणाल्या, आणि लगेच मान हलवली. "नाही. असं काही नाही. पाय उचलले नाहीत. आज तिच्या नावाचा मास आहे, चर्चची प्रार्थना. वर्ष झालं म्हणून. जावयाने मेसेज केला होता. मी उत्तर दिलं नाही."

घंटा वाजायला लागली. लोक आत जायला लागले. त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडून सरळ आत गेल्या. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. वरती रंगवलेल्या लाकडी तुळया होत्या, फार सुंदर. बाई समोर बघत होत्या.

त्या दिवशीचे फादर पाहुणे होते, बाहेरून आलेले, म्हातारे. थोडं इंग्रजी, थोडं स्पॅनिश बोलत होते. सुरुवातीलाच त्यांनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. आजची प्रार्थना अमुक एका दिवंगत आत्म्यासाठी आहे, असं म्हणाले आणि नाव घेतलं, "सुहाता." स्पॅनिशमध्ये 'जे' ह्या अक्षराचा उच्चार 'ह' असाच होतो. त्यांची काही चूक नव्हती.

बाई उभ्या राहिल्या.

"जा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सु-जा-ता."

सगळ्या माना मागे वळल्या. फादरना ऐकू कमी येत असावं, त्यांनी कानामागे हात धरला. मी बाईंचा हात ओढला नाही, ओढावासा वाटलाही नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेक अक्षर वेगळं करून. "सु. जा. ता."

"सुजाता," फादर म्हणाले. नीट म्हणाले. मग म्हणाले, "थँक यू."

पुढच्या रांगेतला एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस मागे वळून आमच्याकडे बघत होता. सगळे पुन्हा समोर वळले तरी तो वळला नव्हता.

मास संपल्यावर तो बाहेर पायऱ्यांवर थांबला होता. डॅनियल. होड्या दुरुस्त करायचा, हातांना वार्निशचा वास येत होता. बाई त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हत्या. नवरा होऊन, विधुर होऊन, तो आपल्या सासूला पहिल्यांदा भेटत होता.

"तुम्ही त्या दिवशीही आला होतात," तो इंग्रजीत म्हणाला. "मी पेटी धरली होती. मला तुम्ही बाकावर दिसलात."

"हाक नाही मारलीस."

"नाही," तो म्हणाला. "मला तुम्हाला हाक मारायची नव्हती."

बाईंनी मान डोलावली, जसं हे उत्तर त्यांना बरोबर वाटलं. मग बाईंनी विचारलं, "फार दुखलं का तिला?"

मला वाटलं तो नाही म्हणेल. कोणीही नाहीच म्हटलं असतं. त्याने बराच विचार केला.

"हो," तो म्हणाला. "शेवटी शेवटी खूप."

त्याने कबर दाखवायला नेतो म्हटलं, गावाबाहेर होती. बाई गेल्या. मी गाडीतच थांबले. लांबून दोघं दिसत होते, मध्ये एक पांढरा क्रॉस. बाई क्रॉसकडे बघत नव्हत्या. खाली बसून दगडाभोवतीचं गवत उपटत होत्या. डॅनियल आधी उभा होता, मग तोही बसून उपटायला लागला. निघताना त्याने हात पुढे केला, बाईंनी तो धरला आणि सोडला. त्यापलीकडे काही झालं नाही. जावई-सासूंचं गोड झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

परतीच्या वाटेवर जॉर्जियात आम्ही पेट्रोल भरायला थांबलो. मी गाडीत परत बसले तर त्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "मरायच्या आधी फोन आला होता तिचा. हॉस्पिटलमधून. सगळं इंग्रजीतच बोलायची ती, लहानपणापासून. त्या दिवशी मराठीत बोलली. 'आई, मला भीती वाटते. ये ना.'"

मी किल्ली हातात धरून बसले.

"मी म्हटलं, तुझा देव आहे ना तिथे. त्याला बोलव." त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. वाटलं, पुन्हा करेल. मग भांडू. भांडून मग जाऊ. मला वाटलं, वेळ आहे."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी निघाले. बराच रस्ता गेला. मग त्या आपणहून म्हणाल्या, "बापाने देव घराबाहेर काढले ना, तेव्हा माझी आजी छाती पिटून रडली. शिव्या दिल्या त्याला. वंश बुडेल म्हणाली. दिवसभर शिव्या देऊन राहिली. पण संध्याकाळी तो घरी आला तर तिने ताट वाढलं. शिव्या देत देत वाढलं." त्या थांबल्या. "बापाने ही गोष्ट कितीदा सांगितली मला. मी नेहमी देवांपर्यंतच ऐकली."

आमच्यावरून एक पूल गेला. त्या मध्ये थांबल्या नव्हत्या, कारण सांगायचं संपलं होतं.

पुढच्या वर्षी मला शॉमबर्गला नोकरी मिळाली. तोवर डॅनियल टेक्सासला भावाकडे निघून गेला होता. त्याने कळवलं होतं, आता मी त्या गावात राहू शकत नाही, म्हणून. बाईंनी मेसेज वाचला आणि म्हणाल्या, "मग ह्या वर्षी मासला नाव कोण देणार?"

मी खोली रिकामी करत होते त्या आठवड्यात, एका सकाळी त्यांनी त्या कॅथेड्रलच्या ऑफिसला फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, कारण हल्ली एका कानाने कमी ऐकू यायचं. पलीकडे एक मऊ आवाजाची बाई होती. मास कोणासाठी, तिने विचारलं. बाईंनी नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, उच्चार सांगितला, तिच्याकडून म्हणून घेतला. तुम्ही आमच्या पॅरिशच्या सदस्य आहात का? नाही. कॅथलिक आहात का? नाही. बरं, काही हरकत नाही, ती म्हणाली. आणि दिवंगत व्यक्तीशी तुमचं नातं?

ज्या बाईंना मी कधी शब्दासाठी अडलेलं बघितलं नव्हतं, त्या गप्प झाल्या. मी दारात खोका धरून उभी होते.

"मॅम? आहात ना?"

"आई," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या बाईला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा बाईंनी तिला इंग्रजीत सांगितलं, हळू आणि स्पष्ट, आणि पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.